उशाजवळची घंटी

माझ्या तळाला एकही भोक नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण म्हातारपणी मला जो काही मान मिळाला तो एवढ्या एका गोष्टीमुळे मिळाला. मी एका शिंप्याच्या दुकानातली जुनी, जड, विजेवर तापणारी इस्त्री आहे. वाफ सोडणाऱ्या इस्त्र्या माझ्यानंतर आल्या. त्यांचा तळ चाळणीसारखा असतो. माझा तळ आरशासारखा सपाट आहे.

कारखान्यात मी तयार झाले तेव्हा तपासनिसाने माझ्या तळावर पोलादी पट्टी आडवी धरली, आणि खालून उजेड झिरपतो का ते डोळा बारीक करून पाहिलं. उजेड झिरपला नाही. "ही जाऊ दे," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते.

मग शिंपी मला घेऊन आला. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं, मागे बिऱ्हाड. माणूस हातचा कसबी. पँटची घडी अशी पाडायचा, की गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तर, हिनं दाढी करता येईल!" घडी माझी असली तरी शाबासकी त्याला मिळे. माझी तक्रार नव्हती. मी तापत होते, कामाला येत होते, तेवढं मला पुरे होतं.

शिंप्याला एक मुलगा होता. त्याला नावानं हाक मारणं शिंप्याच्या गावीही नव्हतं. मुलगा हवा असला की तो कात्रीची मूठ माझ्या झाकणावर आपटायचा. ठण्, ठण्. मग जरासं थांबून, ठण्. तिसऱ्या ठोक्याच्या आत मुलगा समोर उभा राहायला हवा. तो जेवत असो, अभ्यासाला बसलेला असो, की डोक्याला साबण लावून मोरीत बसलेला असो. धावत आला तर शिंपी म्हणे, "सुई दे." सुई शिंप्याच्याच हाताशी, टाचण्यांच्या गादीत खोचलेली असायची. पुष्कळदा सुईही नको असे. "काही नाही. जा, ठोंब्या."

गिऱ्हाइकं हसत. "काय मास्तर, बरं शिकवलंय की!"

एखाद्या वेळी तिसरा ठोका आधी पडे आणि मुलगा मागाहून येई. मग कापड मोजायची लाकडी पट्टी त्याच्या पोटऱ्यांवर पडे. शिंपी रागावलेला मात्र कधी दिसला नाही. कापडाचं माप घेतल्यासारखा तो शांतपणे मारायचा.

मुलगा मोठा झाला, बापाच्याच शिलाई मशीनवर बसू लागला. लग्न झालं, मुलगी झाली. ठोके थांबले नाहीत. त्याची बायको एक दिवस म्हणाली, "मी लग्न तुमच्याशी केलं, ह्या ठणठणाटाशी नव्हे. तुम्ही माणूस आहात की दाराची कडी?" आणि ती गेली. मुलगी मागे राहिली. आईच्या जाण्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. माझ्या झाकणावर तेवढे पोचे वाढत गेले.

मग शिंप्याला झटका आला. कात्री हातातून गळली. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. डाव्या हातातही जोर उरला नाही, त्याचा अंगठा तेवढा हुकमात राहिला. त्याला मागच्या खोलीत खाटेवर टाकलं. त्याच आठवड्यात मुलानं वाफेची इस्त्री आणली आणि मला त्या खोलीतल्या फळीवर ठेवून दिलं. खाटेवर एक अडगळ, फळीवर दुसरी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत पडून राहिलो.

नात तोवर विज्ञानाची पदवी घेऊन बसली होती आणि नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. अभ्यासाची खोली माडीवर. तिचा हौसेचा पसारा मात्र आजोबांच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर होता: तारा, बॅटऱ्या, तारांना डाग द्यायची सोल्डरची कांडी, जुन्या रेडिओतून उपसलेले सुटे भाग. बाप तिला "शास्त्रज्ञबाई" म्हणे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते तिला कळत असे.

एका दुपारी म्हातारा खाटेवरून घसरला. डोकं खाली, खाट आणि भिंत यांच्या सांदीत, आणि डावा हात अंगाखाली दबलेला. हाक मारण्याइतका आवाज त्याच्यात नव्हता. पुढे मशीन चालू होतं. नात बाहेरून आली तेव्हा त्याचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. जरा उशीर झाला असता तर संपलंच होतं.

"बाबा, तुम्हाला काहीच ऐकू आलं नाही?"

"मशीन चालू होतं."

"मग घंटी बसवायला हवी."

"बसव की. नाही कोण म्हणतंय? घंटीशिवाय ह्या घराचं कधी चाललंय?"

बाजारातल्या घंटीचं बटण अंगठ्यानं जोर लावून दाबावं लागतं. म्हाताऱ्याच्या अंगठ्यात तेवढा जोर नव्हता. म्हणून नातीनं नुसत्या स्पर्शानं वाजेल असं सर्किट काढलं. एक तांब्याची पाटी. तिच्यावर दोन कंगवे दाते एकमेकांत घालून ठेवावेत तशा तांब्याच्या रेघा, पण कुठेही एकमेकींना न टेकणाऱ्या. अंगठा वर ठेवला की ओलसर कातडीतून मुंगीएवढा विद्युतप्रवाह ह्या कंगव्यातून त्या कंगव्यात जाणार. मग ट्रान्झिस्टर त्याला मोठा करणार आणि पुढच्या खोलीत, मशीनच्या वर, घंटी वाजणार. रेघा केसासारख्या बारीक. अशी पाटी विकत मिळत नाही. ती घरीच करावी लागते.

मला फळीवरून उतरवलं गेलं ते ह्यासाठी. नातीनं आधी वाफेची इस्त्री वापरून पाहिली होती. जिथे भोक आलं, तिथे रेघ उमटलीच नाही. मग तिनं मान वर केली, मला पाहिलं, खाली घेऊन माझ्या तळावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अरे वा! हिला भोकंच नाहीत." इतक्या वर्षांनी कोणीतरी माझा तळ पाहिला होता.

काम कसं चाले ते ऐका. सर्किटच्या रेघा संगणकावर काढून लेसर प्रिंटरनं गुळगुळीत कागदावर छापायच्या. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली पाटी तारेच्या काथ्यानं घासून लख्ख करायची. कागद तिच्यावर पालथा घालायचा आणि वरून मी. तापून, सगळ्या वजनानिशी. कागदावरची काळी पूड वितळते आणि तांब्याला धरते. मग पाटी पाण्यात भिजवून कागद अंगठ्यानं चोळून काढायचा. काळ्या रेघा तांब्यावर राहतात. शेवटी पाटी प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या तपकिरी पाण्यात ठेवून ताटली हलवत राहायची. बाप त्याला ॲसिड म्हणे. "ॲसिड नव्हे बाबा, फेरिक क्लोराइड," नात सांगे. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं. काळ्या रेघांखालचं तेवढं शिल्लक राहतं.

पहिली पाटी वाया गेली. चित्र छापताना तिनं ते उलटं करून घेतलं होतं. कागद पालथा पडला की ते आपोआप उलटतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. सगळे भाग आरशात पाहिल्यासारखे डावे-उजवे झाले. बाप पोट धरून हसला. "उलट्या खोपडीची पाटीही उलटीच!" खाटेवरून आजोबाही घशातल्या घशात हसले. त्या घरात बापलेकांना एकत्र हसताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

दुसरी पाटी छान झाली. नातीनं ती आजोबांच्या अंगठ्याखाली गादीला पट्टीनं बांधली आणि तार भिंतीच्या कडेनं पुढच्या खोलीत नेली. "आजोबा, ठेवा बरं अंगठा."

म्हाताऱ्यानं अंगठा टेकवला. पुढे घंटी वाजली. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर नवल उमटलं. थोडा वेळ तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्यानं दोनदा तुटक टेकवला, जरा थांबला, आणि तिसऱ्यांदा टेकवला.

पुढे खुर्ची धाडकन आपटली. मुलगा दारात उभा होता. पन्नाशीचा माणूस, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. आपण कधी उठलो हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं.

"काय हवंय?" त्यानं टाचण्या काढून विचारलं.

म्हातारा जड जिभेनं, एकेक अक्षर चघळत म्हणाला, "का-ही ना-ही. जा... ठों-ब्या."

नातीला हसू आलं. तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत.

त्या दिवसापासून म्हाताऱ्याला जगायला कारण मिळालं. सकाळी डोळे उघडले की अंगठा सुरू. कधी पाणी हवं असे, कधी कूस बदलायची असे, आणि बहुतेक वेळा काही नको असे. दर वेळी पुढे खुर्ची सरके. मुलगा दारात येऊन उभा राही, आणि म्हातारा त्याला डोळे भरून बघे. माणूस जसा जुनं घर बघायला जातो तसा.

मग एका दुपारी, म्हातारा झोपलेला असताना, मुलगा पाय न वाजवता आत आला. हातात शिवण उसवायचं पातं होतं. त्यानं पाटीवर वाकून एक रेघ निवडली आणि कापली. शिंप्याचाच हात तो. एकच चिरा, सरळ, कापडाला टाचणी लागावी तेवढा. मग आला तसाच गेला.

घंटी वाजेना. नातीनं मीटर लावून पाहिलं, एक रेघ तुटलेली निघाली.

"घरी केलेली पाटी ती!" बाप दारातून म्हणाला. "आजोबांचा जीव टांगलास तू असल्या कामावर. परीक्षेतही असंच करणार असशील."

पाटी आपण तपकिरी पाण्यात जास्त वेळ ठेवली असणार, बारीक रेघ खाल्ली गेली असणार, असं ती धरून चालली. चूक आपलीच असणार, अशी तिला सवय होती. तिनं वर सोल्डरचा थेंब टाकून रेघ जोडली आणि आजोबांना म्हणाली, "माझ्याकडून राहिलं होतं."

दोन दिवसांत घंटी पुन्हा मुकी झाली. तुटलेली रेघ आता दुसरीच होती. ह्या वेळी तिनं भिंग घेतलं. रसायनानं खाल्लेल्या तांब्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी असते. ही कड सरळ होती आणि पात्यानं उचललेला तांब्याचा बारीक काटा तिच्यावर उभा होता. तिनं बराच वेळ भिंग डोळ्यापासून हलवलं नाही. मग बापाला आत बोलावलं.

"बाबा, हे कापलेलं आहे."

"असेल."

"तुम्ही कापलंत?"

"हो."

"पण का? ते परत घसरले तर?"

बापानं खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू घंटी ऐकतेस. मी ऐकत नाही, मी उठतो. ऐकायच्या आधी उठतो. लहानपणापासून माझे पाय त्याचे आहेत. झटका आला तेव्हा म्हटलं, चला, सुटले माझे पाय. तर तू परत नेऊन दिलेस."

"मी त्यांच्या जिवासाठी केली ती."

"मग जोड. नाही कोण म्हणतंय? पण घंटी तुझ्या खोलीत लाव आणि तू ऊठ."

तिनं रेघ जोडली आणि तार माडीवर आपल्या अभ्यासाच्या टेबलाशी नेली. घंटी वाजली की ती जिना उतरून धावत येई. म्हातारा तिला पाहून तोंड फिरवी. "तू... नको. ठोंब्या."

"बाबा नाही येणार, आजोबा. मी आले ना? पाणी हवंय?"

"का-ही ना-ही. जा."

ती वर पोचेपर्यंत पुन्हा घंटी. पुन्हा जिना. एकदा तिनं तोंडाशी धरलेलं पाणी त्यानं तिच्याच अंगावर थुंकलं आणि दाराकडे बघत राहिला. एकदा ती मुद्दाम उशिरा आली, तर त्याचं अंथरूण ओलं झालं होतं आणि तो रडत होता. खरी हाक कुठली आणि खोटी कुठली ते आवाजावरून ओळखता येत नव्हतं. तिचा अभ्यास बुडाला. पापणी फडफडू लागली. बापाचं अख्खं लहानपण ज्यात गेलं ते तिला महिन्याभरात समजलं. मला वाटलं, आता तिला बापाची दया येईल. तसं झालं नाही. तिला दोघांचाही कंटाळा आला.

मग एका सकाळी ती टेबलाशी बसली, अगदी शांत. तिला कोडी सोडवायला आवडत. आजोबांना घंटी बाबांकडे वाजायला हवी होती. बाबांना ती ऐकू यायला नको होती. दोन्ही अटी पाळणारं सर्किट शक्य होतं, आणि ते आधीच्यापेक्षा सोपं होतं.

त्या दिवशी मी जशी तापले तशी कधी तापले नव्हते. कागद एका बाजूनं सुरू करून दुसऱ्या बाजूपर्यंत तिनं मला सावकाश नेलं, कडा माझ्या टोकानं दाबल्या. पाण्यातून कागद निघाला तेव्हा एकही रेघ तुटलेली नव्हती, एकही फुगलेली नव्हती. मित्रांनो, तिनं केलेल्या पाट्यांमध्ये इतकी सुबक पाटी दुसरी झाली नाही. मला अभिमान वाटला. तिच्यात काय आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ह्या पाटीतून बाहेर एकही तार जात नव्हती. तिच्यावरच एक हिरवा दिवा होता आणि बटणाएवढी, दबक्या आवाजाची घंटी. नातीनं जुनी पाटी काढून ही म्हाताऱ्याच्या उशाजवळ ठेवली आणि त्याचा हात वर घेऊन अंगठा तिच्यापाशी आणला.

"आजोबा, घंटी परत बाबांच्या मशीनवर लावलीय. तिकडे मोठ्यांदा वाजते. इथे तुम्हाला कळावं म्हणून बारीक. हिरवा दिवा लागला की समजायचं, तिकडे पोचली."

म्हाताऱ्यानं अंगठा टेकवला. दोन तुटक, एक थांबून. दिवा लागला, कानाशी बारीक आवाज झाला. त्यानं दाराकडे पाहिलं.

"कामात आहेत ते. पण दचकले असतील," नात म्हणाली.

म्हाताऱ्याच्या अर्ध्या ओठावर हसू पसरलं. नातीनं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

घर शांत झालं. मुलगा मशीनवर गुणगुणू लागला. नातीचा अभ्यास मार्गी लागला. ती नेमानं खाली येई, म्हाताऱ्याला भरवी, पुसून काढी, आणि जाताना म्हणे, "सारखं वाजवू नका हं, बाबा वैतागतात." ते ऐकून तो आणखी वाजवी. दिवसभर तो अंगठ्यानं मुलाला खुर्चीतून उठवत होता, बसवत होता, पुन्हा उठवत होता. त्या सबंध घरात त्याच्याइतकं सुखी कोणी नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी नात सकाळीच बाहेर पडली. दुपारी म्हातारा खाटेतल्या खाटेत घसरला. ह्या वेळी उशी त्याच्याबरोबर सरकली आणि नाकातोंडावर आली, डोळे तेवढे उघडे राहिले. हात मोकळा होता. अंगठा पाटीवर पोचत होता. दोन तुटक. मग एक.

हिरवा दिवा लागला. त्यानं धडपड थांबवली. पोचली होती ना! तो मुलाची वाट बघत राहिला.

बंद दाराआड मशीन चालू होतं. एकदा ते थांबलं. मला वाटलं, आता खुर्ची सरकेल. दोरा संपला असावा. मशीन पुन्हा चालू झालं. उशीशेजारी घंटी माशीसारखी गुणगुणत होती. म्हाताऱ्यानं पुन्हा अंगठा टेकवला आणि ह्या वेळी उचलला नाही.

मी फळीवर होते, थंड. माझ्यावर कात्री आपटायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी नात आली. तिच्या हाकेनं बापही आत आला. दोघं खाटेशी उभे राहिले. अंगठा अजून कंगव्यांवर होता. दिवा लागलेला होता, आवाज चालू होता.

बाप खाली वाकला. त्यानं पाटी हातात घेतली आणि जन्मात पहिल्यांदा मुलीचं काम नीट निरखून पाहिलं.

"दिवसभर चाललीय," तो म्हणाला. "ह्या वेळी चांगली झाली हं पाटी."

नातीनं त्याच्या हातून ती घेतली आणि बॅटरी काढली. मग ती मोरीत गेली आणि तिला उलटी झाली. पण परत आल्यावर तिनं पाटी फेकली नाही. पुसून टेबलावर ठेवली.

ती परीक्षा तिला पार करता आली नाही. काही दिवसांनी शेजारच्या काकू आल्या. आधी आजोबांबद्दल हळहळल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अगं, आमची म्हातारी दिवसभर हाका मारते बघ. तुझ्या बाबांनी सांगितलं, तू आजोबांना घंटी करून दिली होतीस. तसली एक मला देशील करून?"

"कसली, काकू?"

"तीच गं. वाजल्यासारखी वाटते ती."

नात खिडकीबाहेर बघत होती. "बघते," ती म्हणाली.

आज तिनं मला पुन्हा फळीवरून उतरवलं आहे. तळावर चिकटलेली काळी पूड थिनरच्या बोळ्यानं पुसली आहे. पाटी घासून लख्ख केली आहे. मी तापते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं आम्ही वस्तू शेवटी सांगत असतो. मीही सांगते. इस्त्री कोरडी ठेवा, तिची वायर तापल्या अंगाला गुंडाळू नका, तळाला ओरखडे पाडू नका. एवढं केलंत तर मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. आणि तुमच्या घरी कोणाच्या उशाशी घंटी असेल, तर ती वाजते का हे त्या माणसाला विचारू नका. तो होच म्हणेल, त्याला दिवा दिसतो. तुम्ही त्याला घंटी वाजवायला सांगा, दार ओढून घ्या, आपल्या खोलीत जाऊन उभे राहा, आणि ऐका.